आमची वाटचाल – बैलगाडीच्या बाभळीपासून भाजीच्या वाफ्यापर्यंत

तळेगाव दाभाडेला आमचं छोटंसं वर्कशॉप आहे आणि आम्ही लाकडी वाफे बनवतो, म्हणजे हल्ली सगळे ज्याला रेज्ड बेड म्हणतात ते. बंगल्याच्या अंगणात, फार्महाऊसवर, कधी गच्चीवर. फोन आला की दहातले आठ जण पहिला प्रश्न हाच विचारतात, सागवानाचं आहे का? आणि मग सागवानाचा भाव ऐकून गप्प होतात. या धंद्यात आम्ही जे काही शिकलो ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच आहे, म्हणून म्हटलं आमची वाटचाल एकदा नीट लिहून काढू.

आमचे आजोबा सुतार. मावळात गाड्या, नांगर, कुळव, जू असलं सगळं शेतीचं काम करायचे आणि त्यांचं लाकूड म्हणजे बाभूळ. चाकाचे आरे बाभळीचे, नांगराचा खोड बाभळीचा, कारण ते चिखलात आणि पाण्यात राहूनही टिकतं आणि बांधावर फुकटात मिळतं. बाबांच्या काळात ट्रॅक्टर आले, गाड्या गेल्या, मग बाबा किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब अशा प्लायवूडच्या कामात शिरले आणि बाभूळ आमच्या घरातून जवळजवळ गेलीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फर्निचरची कामं ठप्प झाली आणि त्याच वेळी लोकांना घरी भाजी लावायचं वेड लागलं. ओळखीतल्या एका काकूंनी विचारलं, मला कमरेत न वाकता मेथी-पालक लावता येईल असा वाफा करून दे ना. तिथून सुरुवात झाली.

चाकण जवळ असल्यामुळे सुरुवातीला पाईनवूड भरपूर मिळायचं. कंपन्यांच्या मशिनी ज्या क्रेटमधून येतात ते क्रेट, पॅलेट, सगळं पाईन. स्वस्त, हलकं, रंधा मारला की देखणं दिसतं. त्यावर एचटी असा शिक्का असतो, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं. लोकांना वाटतं ट्रीटमेंट झालीय म्हणजे टिकेल, पण ती ट्रीटमेंट फक्त आतली कीड परदेशी जाऊ नये म्हणून, पुढे मातीत गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही. आणि एमबी शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते लाकूड आम्ही भाजीसाठी कधीच घेतलं नाही. पाईनचे वाफे आम्ही दोन पावसाळ्यांचा माल म्हणूनच विकले, बिलावर तसं लिहून. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तेवढं पुरतं, आजही कोणी मागितलं तर देतो.

पण स्वतःच्या घराच्या अंगणात वाफा घालणाऱ्याला दर दोन वर्षांनी माती उपसून फळ्या बदलायला कोण सांगणार? म्हणून मग लाकडाचा शोध सुरू झाला. वखारी पालथ्या घातल्या, सॉ मिलवाल्यांशी तासन् तास बोललो, बाबांना प्लायवूडमधून ओढून परत लाकडाकडे आणलं.

सागवानाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. सागवान टिकतं ते त्याच्या गाभ्यामुळे, तो जो सोनेरी-तपकिरी भाग असतो ना तो. बाहेरचा पांढरट भाग सागवानाचा असला तरी वाळवी त्याला सोडत नाही, आणि हे कुठल्याही झाडाला लागू आहे, पांढरं लाकूड कोणाचंच टिकत नाही. हल्ली शेतात लावलेलं सागवान कोवळं असतानाच तोडतात, त्यात गाभा थोडा आणि पांढरं जास्त, भाव मात्र सागवानाचा. आलापल्ली-बल्लारपूरच्या जुन्या जंगलातलं सागवान वेगळं, त्याचा भाव मातीत गाडण्यासारखा राहिलेला नाही. त्यामुळे स्वस्तात सागवान मिळालं असं कोणी म्हणालं की आम्ही आधी फळीचं टोक बघायला सांगतो, पांढरं किती आणि तपकिरी किती.

देशी बाभूळ परत आली ती अशी. बाबाच म्हणाले, अरे जे लाकूड चिखलात चाललं ते वाफ्यात का नाही चालणार. बाभळीचा गाभा लालसर-तपकिरी, सागवानापेक्षा जड, आधी ड्रिल केल्याशिवाय स्क्रू जात नाही, ब्लेडची धार लवकर जाते म्हणून सॉ मिलवाला कुरकुर करतो, पण आम्हाला ते सागवानाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पडतं. अडचण एकच, बाभूळ सरळ वाढत नाही, लांब फळी निघतच नाही. मग आम्ही वाफ्याचं मापच बाभळीवरून ठरवलं, चार फूट बाय तीन फूट, उंची एक फूट, फळी दीड इंच जाडीची. तीन फूट रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. एका वाफ्याला पावणेदोन घनफूट लाकूड लागतं, कोपऱ्याचे खुंट धरून दोन.

आजोबा बाभळीचे ओंडके ओढ्यात भिजत घालायचे, तेच आम्ही टाकीत करतो. पाण्यात राहिलं की लाकडातलं पीठ-साखर निघून जाते आणि मग भुंगा कमी लागतो. पाणी काळंभोर होतं, ते बदलत राहायचं, आणि नंतर सावलीत थप्पी लावून हळूहळू वाळवायचं, उन्हात टाकलं की चिरा पडल्याच म्हणून समजा. आणि बाभूळ घेताना नाव विचारून थांबू नका, बाभूळ म्हणून सुबाभूळही खपवतात. सुबाभूळ कागदाच्या कारखान्यासाठी ठीक, मातीत ती टिकत नाही. तोडीचा परवाना, वाहतूक पास जिथे लागतो तिथे व्यापारीच काढतो, पण कागद बघितल्याशिवाय आम्ही माल उतरवून घेत नाही.

दुसरा स्वस्त माल म्हणजे जुन्या घरांचं लाकूड. वाडा पाडला की तुळया, वासे, कडीपाट निघतो, त्यात जुनं सागवान असतं, कोकणाकडच्या घरांतून ऐन या झाडाचं लाकूडही येतं. खिळे काढायला वेळ जातो, भोकं असतात, पण वाफ्याला भोकांचं काय. फक्त ऑइलपेंट असेल तर तो थर पूर्ण उतरवूनच घ्यायचा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. नवा ऐनही आम्ही वापरतो पण तो वाळताना फाटतो, पिळतो, त्याला धीर लागतो.

रेल्वेचे जुने स्लीपर बऱ्याच जणांना हवे असतात, दिसायला रुबाबदार. त्यात क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं विषारी तेल, मुरवलेलं असतं, भाजीला नको म्हणजे नकोच. तसंच हिरवट रंगाचं ट्रीटेड पाईन, त्यात तांबं, क्रोम आणि आर्सेनिक असू शकतं. हे औषध आपल्याच डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंटी कामेसम यांनी १९३३ च्या सुमारास शोधलं, खांबांसाठी ते जबरदस्त आहे, पण अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते बंद झालं. बोरॅक्सचं द्रावण त्या मानाने बरं, पण पावसात ते धुऊन जातं, मग उपयोग काय. शेतकरी खांबाला जळकं ऑइल लावतात तेही वाफ्याला लावू नका प्लीज. आम्ही बाहेरून फक्त जवसाचं उकळलेलं तेल लावतो. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते वाळवीला चांगलं अडवतं पण हाताला फोड येतात, त्यामुळे घरी करणाऱ्यांना मी ते सुचवत नाही.

लाकडाइतकंच पाणी महत्त्वाचं आहे. फळी सतत ओली राहिली की कुजणार. म्हणून वाफा जमिनीवर थेट न ठेवता खाली विटा किंवा खडी, तळ उघडा, आतून फक्त बाजूंना कापड, तळाला प्लास्टिक अजिबात नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट रस, असतो, साधं लोखंड लागलं की काळे डाग पडतात आणि स्क्रू गंजून सैल होतो. सगळ्यात खालची फळी आधी जाते, म्हणून आम्ही ती वेगळी बसवतो, चार स्क्रू काढले की तेवढीच बदलता येते.

गच्चीसाठी मात्र आम्ही बऱ्याच ऑर्डरी नाकारतो. एक फूट ओली माती भरलेला हा वाफा साडेपाचशे-सहाशे किलोच्या घरात जातो, म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलो, आणि साधारण वापराच्या गच्चीचं डिझाइन चौरस मीटरला दीडशे किलो धरून केलेलं असतं. कोकोपीट, पालापाचोळा, उंची कमी, बीमवर ठेवणं, असं करून जमवता येतं पण इंजिनिअरला विचारून, माझ्या तोंडी शब्दावर नाही.

वर्कशॉपच्या मागे आम्ही खुंट गाडलेत. डेहराडूनला लाकडाची चाचणी अशीच करतात, साधारण दोन इंच जाडीचा, दोन फूट लांब खुंट अर्धा जमिनीत गाडायचा आणि किती वर्ष टिकतो ते बघायचं, दहा वर्षांच्या वर टिकला तर पहिला वर्ग, पाचच्या आत गेला तर तिसरा. आमच्याकडे पाईन आणि आंब्याचे खुंट दुसऱ्या पावसाळ्यातच हाताने मोडले. सागवानाच्या एका खुंटाला अर्धं पांढरं आणि अर्धा गाभा आहे, पांढऱ्या बाजूला वाळवीने नुसती पोकळ नळी करून ठेवलीय आणि गाभ्यावर फक्त मातीचा डाग. बाभळीचा गाभा अजून खणखणीत वाजतो. नव्या गिऱ्हाईकाला मी कॅटलॉगच्या आधी तिथेच नेतो, हातात स्क्रूड्रायव्हर देतो आणि म्हणतो टोचून बघा, मग लाकूड ठरवू. तुम्हीपण या, रविवारी सकाळी वर्कशॉप चालू असतं.