आमची वाटचाल : नमुना कुणी काढला?

"सांगलीत हळद कळायला यंत्र कशाला लागतंय?" तपासणीच्या लॅबचा धंदा सुरू केला त्या पहिल्याच आठवड्यात मार्केट यार्डातल्या एका अडत्यानं मला विचारलं. पोत्यातलं हळकुंड उचललं, माझ्या कानाजवळ धरून कट्टकन मोडलं आणि आतला रंग दाखवला. "वाळली आहे, रंग आहे. आता तुमची काचेची नळी आणि काय सांगणार?"

मला उत्तर सुचलं नाही. २००३ साल होतं. तारापूरच्या एका औषध कारखान्यातली क्यूसीची, म्हणजे मालाचा दर्जा तपासायची, नोकरी सोडून मी सांगलीच्या गावभागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. भांडवल म्हणजे प्रकाश किती गिळला जातो ते मोजणारा एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर, एक नाजूक तराजू आणि वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली बायको. अडत्याचं काही चुकलं नव्हतं. ओलावा त्याच्या बोटांना आमच्याआधी कळायचा. पण हळदीचा अर्क काढणारे कारखाने टक्क्यावर भाव करायला लागले होते आणि टक्का काही बोटांना कळत नाही. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन तीन टक्के की पाच, यावर सौदा फिरायचा.

रीत तशी साधी. पूड अल्कोहोलमध्ये उकळायची, गाळायची, ठरलेल्या पटीत पातळ करायची आणि ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा किती प्रकाश ती गिळते ते मोजायचं. दिवसाला सहा-सात नमुने व्हायचे. भाडं निघायचं, पगार निघायचा नाही.

त्याच वर्षी वाळव्याकडचा एक शेतकरी आठवड्याच्या अंतरानं दोनदा आला. शेत एक, ढीग एक. पहिल्यांदा आकडा आला ४.१ टक्के, दुसऱ्यांदा २.९. "सायेब, हळद आठवड्यात उतरती का?" मी रात्री दोनपर्यंत यंत्राशी झटलो. दोन्ही पुड्या तीन-तीनदा केल्या, आकडे जागचे हलले नाहीत. सकाळी बायकोनं विचारलं, "पुड्या कुणी बांधल्या?" तेव्हा उलगडा झाला. पहिली त्यानं स्वतः बांधली होती, वरची जाडजूड हळकुंडं निवडून. दुसरी पोरानं, ढिगाच्या बुडातून. तिच्यात कणी, गड्डे, थोडी मातीही. दोन्ही आकडे खरे होते. ढिगाचा आकडा मात्र दोन्हींत नव्हता.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर गिऱ्हाइकाच्या नावाच्याही आधी एक ओळ छापलेली असते : नमुना कुणी काढला? शक्य असेल तिथं लॅबमधलाच मुलगा जातो. वरच्या, मधल्या, खालच्या पोत्यांतून मूठमूठ घेतो, सगळं भरडून एकत्र ढीग करतो, ढिगाचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवतो, दोन काढून टाकतो, आणि पाव किलो उरेपर्यंत हेच करत राहतो. यात तास-दीड तास जातो. व्यापारी वैतागतात. "चिमूटभर तर लागते, मग पोती कशाला उसवता?" यावरून काही गिऱ्हाइकं तुटली, ती तुटलीच. ज्यांना छापील कागद हवा होता त्यांना कागद देणारे दुसरे भेटले.

२००५च्या पुरात कृष्णा गावभागात शिरली. स्पेक्ट्रोफोटोमीटर आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पलंगावर नेऊन ठेवला, तराजू राहिला तो गेला. हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांतही पाणी शिरलं. ओली झालेली हळद पुन्हा वाळवून लोक आमच्याकडे आणायचे. कर्क्युमिन बऱ्यापैकी भरायचं, पण वास बुरशीचा. बुरशीचं विष मोजायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. "कर्क्युमिन ठीक आहे" असा रिपोर्ट त्या हळदीला मी दिलेला आहे. आकड्यात खोट नव्हती, तरी ते चार-पाच रिपोर्ट दिले नसते तर बरं झालं असतं.

२००८ साली बँकेचं कर्ज आणि बायकोचे दागिने मिळून एक वापरलेलं एचपीएलसी आणलं. दिवसाचे कितीतरी तास भारनियमन, त्यामुळे आधी इन्व्हर्टर घेतला, मग यंत्र. हे यंत्र हळदीतला पिवळा रंग तीन घटकांत वेगळा करून दाखवतं : कर्क्युमिन, डिमेथॉक्सीकर्क्युमिन, बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. पडद्यावर तीन टेकाडं दिसतात, त्यांना आम्ही पीक म्हणतो. यावरून लॅबमध्ये एक जुना विनोद आहे. शेतकरी विचारतो, "पीक कसं आलंय?" आणि लॅबमधली मुलगी सांगते, "तीन आलेत, पहिलं बारकं आहे."

विनोद एकदा कामाला आला. ९५ टक्के शुद्ध म्हणून विकायला आलेल्या एका अर्काचा नमुना होता. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर अगदी बिनचूक ९५. एचपीएलसीवर मात्र एकच पीक, सरळसोट, विजेच्या खांबासारखं. हळद कधी एकटं कर्क्युमिन देत नाही, सोबतची दोन भावंडं थोडीफार येतातच. एकटं येतं ते बहुधा कारखान्यात तयार केलेलं. रिपोर्टमध्ये तीन घटकांचं प्रमाण लिहिलं, शेरा मारला नाही. घेणाऱ्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

यंत्र आलं त्याच वर्षाअखेरीस जगभर अ‍ॅसिटोनायट्राइलचा दुष्काळ पडला. एचपीएलसीत लागणारं हे द्रावक दुसऱ्याच एका रसायनाच्या कारखानदारीत जोडउत्पादन म्हणून निघतं. मंदीमुळे तिथलं उत्पादन घटलं तशी आमची बाटली कित्येक पटींनी महाग झाली. काही पद्धती मेथॅनॉलवर नेल्या, काही कामं सरळ नाकारली. कर्जाचा हप्ता मात्र कशावरच नेता येत नव्हता.

आता आमची चूक. बाहेरून एकच नमुना बऱ्याच लॅबना पाठवतात, सगळ्यांचे आकडे शेजारी ठेवतात आणि तुम्ही किती भरकटलात ते सांगतात. त्याला पीटी म्हणतात, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता हवी तर ते चुकत नाही. पहिल्याच फेरीत आमचा झेड-स्कोअर ३.४ आला. तीनच्या पुढं म्हणजे नापास. शोधता शोधता सापडलं ते असं : कर्क्युमिनच्या प्रमाणित द्रावणाची बाटली तपकिरी काचेची असायला हवी होती, ती साध्या काचेची होती आणि खिडकीशेजारच्या फळीवर. उन्हानं ते प्रमाणित द्रावण फिकं पडलं, त्यामुळे त्याच्याशी ताडलेला प्रत्येक नमुना आहे त्याहून सरस दिसत होता. दोन महिन्यांचे रिपोर्ट फुगलेले होते. एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. चौघांनी पैसे परत मागितले, ते दिले. एक जण म्हणाला, "जास्तच आलंय नव्हं? मग राहू द्या की!" त्याचाही रिपोर्ट बदलला, तो अजून बोलत नाही.

२०१०ला आम्ही हळदीतून द्राक्षांत ओढले गेलो. त्या हंगामात युरोपला गेलेले आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वाटपायी अडकले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची नुसती वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून हे मारायची पद्धत जुनीच. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि निर्यातीआधी ज्या औषधांचे अंश तपासायचे त्या यादीत सीसीसी नव्हतंच. मालाचे रिपोर्ट स्वच्छ होते. तासगाव, पलूसकडचे लोक ते रिपोर्ट हातात घेऊन यायचे आणि विचारायचे, "मग हे खोटं का?" खोटं नव्हतं. उर्वरित अंश तपासायची जी प्रचलित रीत आहे, तीत द्राक्षाचा लगदा अ‍ॅसिटोनायट्राइल आणि मीठ घालून हलवतात; औषधं वरच्या थरात येतात, साखर-पाणी खाली राहतं. सीसीसी स्वतःच क्षार. ते खालच्या पाण्यातच बसून राहतं आणि आपण वरचा थर घेऊन पुढं जातो. त्याला मेथॅनॉलनं वेगळं काढावं लागतं, वेगळं मोजावं लागतं. जे शोधायचंच ठरवलेलं नाही ते यंत्र आपण होऊन सांगत नाही, हे मी त्या वर्षी पन्नास जणांना तरी समजावलं असेल. ज्याचा कंटेनर अडकलाय त्याला यातलं काय पटणार!

पुढं कुपवाड एमआयडीसीत शेड घेतली, एनएबीएल झालं, माणसं दोनाची अकरा झाली. हे दोन ओळींत लिहिलं तरी जगायला सहा वर्षं लागली. तपासणीला येणारे साहेब बहुतेक वेळ यंत्राकडे बघतच नाहीत, वह्या बघतात.

कुपवाडला आल्यावर धातू मोजायला लागलो. एकदा पॉलिश केलेली, डोळे दिपतील अशी पिवळीधमक हळद आली. किलोला ३१२ मिलिग्रॅम शिसं निघालं. कायद्याची मर्यादा १० आहे. आणणारा म्हणाला, "जमिनीतच असंल, आमच्याकडं रस्त्याकडंला शेत आहे." मग क्रोमियम मोजलं, ७९. शिसं क्रोमियमच्या चौपट. लेड क्रोमेट या पिवळ्या रंगात दोन्ही धातू याच प्रमाणात असतात. माती हिशोबाला इतकी पक्की नसते. तो माणूस रिपोर्ट न घेताच गेला. पैसे आगाऊ घेतले होते, एवढंच. बायको मात्र पूड सूक्ष्मदर्शकाखाली बघते. मका किंवा तांदळाचं पीठ घातलं असेल तर स्टार्चच्या कणांच्या आकारावरून तिला कळतं. महागड्या यंत्रांच्या गर्दीत अजून ते एकच उपकरण असं आहे ज्याला सर्व्हिस इंजिनिअर लागत नाही.

पाण्याचं काम वेगळ्याच डोकेदुखीचं. आपल्या उसाच्या पट्ट्यात विहिरींना नायट्रेट हा प्रश्न आहे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. लोक पाणी आणतात कशात, तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत, दोन आठवडे गाडीच्या डिकीत ठेवून. आमच्याकडूनही घोटाळा झालाय. धातू मोजायचे असतील तर बाटलीत आधी नायट्रिक अ‍ॅसिड टाकून ठेवतात, म्हणजे धातू काचेला चिकटत नाहीत. नव्या मुलानं त्याच बाटलीतून नायट्रेटही मोजलं. अ‍ॅसिडातलं नायट्रेटही त्यात मोजलं गेलं आणि आकडा असा आला की ते पाणी खत म्हणून विकता आलं असतं. आता धातूंच्या बाटलीला लाल टोपण आणि नायट्रेटच्या बाटलीला निळं, अदलाबदल करणाऱ्याच्या नावावर सगळ्यांना भेळ.

२०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कुपवाड कोरडं होतं. गावातली आमची चार माणसं कुटुंबांसह आठ दिवस लॅबमध्ये राहिली, वजनाच्या खोलीत पोरं झोपली. २०२४च्या एप्रिलात हाँगकाँग आणि सिंगापूरनं आपल्याकडच्या काही मसाल्यांवर, जंतू मारायला वापरतात त्या इथिलीन ऑक्साइड वायूवरून हरकत घेतली आणि आमचा फोन तीन आठवडे थंड झाला नाही. ते काम आम्ही करत नाही, करणाऱ्या लॅबकडं पाठवत होतो. माझी मुलगी आता एम.एस्सी. करून आली आहे, तिचं म्हणणं कर्ज काढून ते यंत्र घेऊ. माझं म्हणणं अजून ठरलेलं नाही. बायकोचं ठरलंय, पण ती सांगत नाही.

फॉर्मवरची पहिली ओळ अजून तशीच आहे. तिच्यापुढं लोक काय काय लिहितात त्याची एक वही ठेवलीय : 'मी', 'मालकांनी', 'ड्रायव्हर', 'मेव्हण्यानं', एकदा नुसतंच 'विश्वासातला माणूस'. काल एकानं लिहिलं, 'पोत्यातनं आपोआप आला.' फोन करून विचारलं, तर टेम्पोत पोतं फाटलं होतं, सांडलेलं भरून दिलं. नमुना परत मागवलाय.