पिफ, पाफ, पूफ

बाबा साताऱ्याहून पॅरिसला आले, तेव्हा आयफेल टॉवरपाशी जेमतेम दहा मिनिटं रमले. गेदलाँहून मात्र त्यांना अक्षरशः ओढून आणावं लागलं.

पॅरिसहून गाडीने दोनेक तास. बर्गंडीतल्या जंगलात, जुन्या दगडखाणीत १९९७ पासून एक किल्ला बांधताहेत. डागडुजी नाही, नवाकोरा! मिशेल ग्वियो यांनी जवळचाच सँ-फार्जोचा विटांचा वाडा विकत घेऊन दुरुस्त केला. त्या वाड्याच्या पोटात मध्ययुगीन दगडी किल्ला दडलाय हे कळलं, आणि तसाच एक मुळापासून उभारायचं वेड डोक्यात शिरलं. काम तेराव्या शतकातल्याच पद्धतीने करायचं. दगड, वाळू, माती, ओकचं लाकूड, सगळं तिथलंच. सूट फक्त सुरक्षेला, हेल्मेट वगैरे.

बाबांनी चाळीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढलीत. पाथरवटापाशी गेले ते तिथेच खिळले. तो दगडावर हातोडी मारून कान देत होता. खणखणीत ‘पिफ’ आला तर दगड कठीण, ‘पाफ’ मध्यम, ‘पूफ’ म्हणजे भुसभुशीत. बाबांना फ्रेंचचं अक्षर येत नाही, पण हे लगेच समजलं. पुढच्या दगडाला त्याच्या आधी तेच म्हणाले, “पूफ!” तो खदाखदा हसला.

वर दगड चढवायला लाकडी चाक, आत माणूस चालतो. त्याला ‘खारीचा पिंजरा’ म्हणतात. हिवाळ्यात चुना गोठतो म्हणून बांधकाम बंद. आणि ओक कुऱ्हाडीने तासायची इथली विद्या २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं छत पुन्हा उभं करताना कामी आली. इथे तयार झालेले सुतार तिथे होते.

पण बाबांचा जीव अडकला तेरा गाठींच्या दोरीत. गाठींमध्ये बारा सारखी अंतरं. तीन, चार, पाच असा त्रिकोण ताणला की काटकोन तयार.

“अरे, हे तर आपलंच! काटकोनाचा गुण्या नसला की आमचे गवंडी असंच पायाचं लाइनआउट करायचे.”

रात्री पाहते तर बाल्कनीतली कपड्यांची दोरी सोडून गाठी मारत बसलेले. नऊ अंतरं झाली होती. दोरी संपली.

“उद्या लांब आण,” म्हणाले. “आणि नायलॉनची नको, ताणली जाते.”