‘भुंग्याला कोंडू नका’ हे सांगितलेलं होतं

आमच्या घरात दोन जनावरं आहेत. भुंग्या हा काळा, बोजड, गावठी कुत्रा आणि साय ही पांढरी मांजर. साय भुंग्याला आपला नोकर समजते आणि भुंग्याची त्याला हरकत नसते. घरकामाला मावशी येतात. त्यांना कामाला लागतानाच तीन गोष्टी सांगितल्या होत्या: फरशीला फिनाईल लावायचं नाही, बाल्कनीचं जाळीचं दार उघडं टाकायचं नाही आणि भुंग्याला कुठल्याच खोलीत कोंडायचं नाही. पहिल्या दोन त्यांनी आजवर काटेकोर पाळल्या आहेत. तिसरी मोडली, आणि तिच्या पायी बेडरूमच्या दाराची चौकट, एक पडदा, पलंगावरची गादी आणि टेबललॅम्पची वायर एवढा ऐवज गेला.

झालं असं की मावशी फरशी पुसत होत्या आणि भुंग्या नेहमीप्रमाणे ओल्यावरून फिरत होता. त्यांनी त्याला बेडरूममध्ये घालून बाहेरून कडी लावली. ‘पुसून झालं की काढते’ म्हणून. मधेच त्यांना फोन आला, त्या बोलत बोलत काम उरकून, दार ओढून घेऊन निघून गेल्या. आम्ही दोघंही बाहेर होतो. संध्याकाळी नवरा आधी पोचला. फोनवर त्याचं पहिलं वाक्य, ‘तू घरी ये, पण घाई करू नको.’ असं कुणी म्हटलं की माणूस धावतच येतं.

अशा वेळी फाटलेल्या गादीकडे डोळे जातात, ते जाऊ द्यायचे नाहीत. वायर चावलेली दिसली की आधी भिंतीवरचं बटण बंद, जमलं तर घराचा मेन स्विचच बंद, मग वायरला हात. त्यानंतर जनावराचं तोंड उघडून बघायचं. विजेचा धक्का बसला असेल तर ओठांवर, जिभेवर किंवा टाळूवर पांढुरके, करपल्यासारखे डाग दिसतात. आणि तोंड ठीक दिसलं तरी निश्चिंत होता येत नाही, कारण धक्क्यानंतर काही तासांनी फुफ्फुसांत पाणी साचू शकतं. जनावर धापा टाकायला लागतं आणि तोपर्यंत आपण झोपलेलो असतो. आम्ही भुंग्याला लगेच डॉक्टरकडे नेलं. वायर चावली तेव्हा लॅम्पचं बटण बंद होतं असं दिसत होतं, पण ‘दिसत होतं’ यावर मी कुत्रा ठेवत नाही. पुढच्या पायाचं एक नख मुळाशी तुटलं होतं, तेवढंच निघालं.

दुसरं, काय फाटलंय यापेक्षा काय *कमी* आहे ते बघायचं. गादीतल्या फोमचे तुकडे गोळा करून भोकाशी जुळवून बघितले की अंदाज येतो, पोटात किती गेलं असेल त्याचा. नवरा जमिनीवर बसून फोमचं ते कोडं जुळवत होता आणि साय एकेक तुकडा पंजाने पळवत होती. फोम, कापड, दोरा आतड्यात अडकू शकतो. सारख्या उलट्या, खाणं सोडणं, पोट ताणलेलं वाटणं, शी न होणं यांतलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. घरच्या घरी मीठ पाजून उलटी काढायचा प्रयोग तर अजिबात नको, त्या मिठानेच जनावर दगावू शकतं. आणि मांजरवाल्यांसाठी: तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत तो कशात गुंतलाय हे बाहेरून कळत नाही, ओढल्यावर आतडं कापलं जाऊ शकतं.

हे सगळं झाल्यावर, झाडू हातात घेण्यापूर्वी, फोटो. सगळ्या बाजूंनी, चौकटीवरच्या ओरखड्यांसकट. पुरावा म्हणून नव्हे, म्हणजे तेही आहेच, पण फोटोंनी मला एक गोष्ट सांगितली. नासधूस खोलीभर नव्हती. चौकट कडीच्या उंचीला आणि खाली फटीपाशी खरवडलेली होती, पडदा खिडकीचा होता, गादीचा खिडकीकडचाच कोपरा उसवलेला होता आणि लॅम्प त्याच बाजूला होता. कंटाळलेला कुत्रा उशी, चप्पल, रिमोट असं हाताला लागेल ते चावतो. घाबरून बाहेर पडायला धडपडणारा कुत्रा दारं-खिडक्या धरतो. भुंग्या पिल्लू असताना आमच्याकडे येण्याआधी कुठेतरी बंद खोलीत राहिलेला आहे, म्हणून तर ती तिसरी सूचना होती.

त्याला रागावलो नाही. संध्याकाळी रागावून दुपारचा हिशेब त्याला लागत नाही. ‘बघ, कसा अपराधी चेहरा करून बसलाय’ असं नवरा म्हणाला तेव्हा मी त्याला अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंचा 2009 सालचा प्रयोग ऐकवला (तो त्याने याआधीही ऐकला आहे). त्यांनी मालकांना खोलीबाहेर पाठवलं. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही याबद्दल मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट खाली घालणं हा ‘अपराधी चेहरा’ खाऊ खाल्ल्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की दिसत होता. खाऊला तोंडही न लावलेले कुत्रेसुद्धा ओरडा बसल्यावर तसाच चेहरा करत होते. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतं.

रात्री मावशींना फोन करायचा नाही असं मी ठरवलं. नणंदेचं मत वेगळं होतं. ‘आत्ताच्या आत्ता सुनाव, नाहीतर उद्या त्या कानावर हात ठेवतील.’ पण रात्री फोनवर सुनावलं की समोरचा माणूस झालेली गोष्ट सांगत नाही, स्वतःला वाचवायला लागतो. मला आधी गोष्ट हवी होती. सकाळी मावशी आल्या, मी त्यांना पदर खोचू दिला आणि बेडरूमचं दार दाखवलं.

‘अगंबाई,’ म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग, ‘ताई, मी काढणार होते हो त्याला.’

‘कोंडलंत कशाला पण?’

‘सारखा ओल्यावर नाचतो. एक खोली तीन-तीनदा पुसावी लागते. तुम्ही घरात असता तेव्हा तुम्ही धरता त्याला. नसता तेव्हा मी काय करू?’

आता यात त्यांची चूक आहेच. सांगितलेलं होतं, कारणासकट सांगितलेलं होतं, आणि कडी उघडल्याशिवाय घर सोडणं हा निष्काळजीपणाच झाला. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. गोड बोलून विषय गुळमुळीत सोडून देणं मला पटत नाही, त्याने समोरच्याला आपण नक्की कशावर नाराज आहोत तेच कळत नाही. मी म्हटलं, गादी जाऊ दे, वायरमध्ये वीज असती तर कुत्रा गेला असता. त्यावर त्या गप्प झाल्या आणि भुंग्याचं नख बघायला खाली बसल्या.

पण त्यांचं ते ‘मी काय करू’ माझ्या डोक्यात राहिलं. फिनाईलची सूचना का टिकली? कारण घरात फिनाईलची बाटलीच नाही. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकालात काढता येत नाहीत, मांजर पुसलेल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं, हे मी मावशींना सांगितलं होतं. पण सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बाल्कनीच्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग आहे. म्हणजे या दोन्ही सूचना पाळायला काही करावंच लागत नाही. तिसरी पाळायची तर रोज दुप्पट पुसावं लागतं. जी सूचना कामाच्या आड येते ती एखाद्या घाईच्या दिवशी मोडणारच, मग माणूस कितीही भला असो.

म्हणून आता स्वयंपाकघराच्या दारात लहान मुलांसाठी मिळतं तसं कमरेइतकं जाळीचं फाटक लावलंय. मावशी बाहेरची खोली पुसतात तेव्हा भुंग्या फाटकापलीकडे असतो. त्याला माणूस दिसतं, आवाज येतो, त्यामुळे तो कोंडल्यासारखा वागत नाही, कुरकुर करतो फक्त. बेडरूमची बाहेरची कडी नवऱ्याने काढूनच टाकली. आणि निघताना मावशी भुंग्याचा आणि सायचा एक फोटो फोनवर पाठवतात. ही कल्पना त्यांचीच. बहुतेक फोटोंत सायची फक्त शेपटी असते.

भरपाईबद्दल. नणंद म्हणाली, पगारातून थोडं थोडं काप. मी कापलं नाही, आणि यात माझा काही मोठेपणा नाही. नखं आणि दात असलेलं जनावर घरात ठेवायचं आम्ही ठरवलं, त्याच्यासोबत येणारी जोखीमही आमचीच. मावशींना आम्ही भांडी-फरशीचे पैसे देतो, कुत्रा सांभाळायचे नाही. शिवाय गादीची किंमत त्यांच्या पगाराशेजारी ठेवून बघितली की कापण्याची भाषाच अशोभनीय वाटते. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, एकदा पैसे कापले की पुढच्या वेळी वस्तू मोडल्याचं आपल्याला कळतच नाही. ती कपाटामागे सापडते.

मात्र हा नियम मी सगळ्यांना लावत नाही. मागे बाहेरगावी जाताना एका मुलाला भुंग्यासाठीच घरी राहायला ठेवलं होतं. त्याला सूचना लिहून दिल्या होत्या, त्याने त्या वाचून ‘हो’ म्हणून उत्तरही पाठवलं होतं. तो भुंग्याला एकटं सोडून रात्रभर बाहेर राहिला आणि सोफ्याचं एक टोक गेलं. त्याच्याकडून मी दुरुस्तीचे निम्मे पैसे मागितले आणि त्याने दिले. तिथे जनावराकडे बघणं हेच काम होतं. घराला रंग काढला तेव्हा कामगारांनी दार उघडं टाकलं आणि ओल्या रंगाचे पंजे घरभर उमटले. तेव्हा मी कामगारांशी एक शब्द बोलले नाही, ठेकेदाराशी बोलले, कारण सूचना त्याला दिलेली होती आणि माणसंही त्याची होती. शेवटच्या बिलातून त्याने साफसफाईची रक्कम वजा केली. थोडी खळखळ झाली, पण काम सुरू होण्याआधी पाठवलेला मेसेज दाखवल्यावर थांबली. म्हणून लिहून देण्याचा आग्रह. तोंडी सूचना दोघांना दोन तऱ्हेने आठवते.

राहिली गादी. भुंग्याने घाबरून तिच्यावर मूत्रविसर्जनही केलं होतं, हे मघाशी सांगायचं टाळलं. अशा वेळी घरातले सगळे शूर होतात आणि सापडेल ते ओततात. ब्लीच तर नकोच. मूत्रात अमोनिया असतो, त्यात ब्लीच पडलं की क्लोरामाइनचा वायू तयार होतो आणि बंद खोलीत तो घसा-छाती जाळतो. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्याचा वास जनावराला मूत्रासारखाच वाटतो आणि ते पुन्हा त्याच जागी येतं. गरम वाफेने डाग आणि वास उलट पक्के बसतात. आधी जुन्या टॉवेलने दाबून दाबून टिपायचं, घासायचं नाही. मग एन्झाइमवालं क्लीनर, आणि ते मूत्र जितकं खोल मुरलंय तितकं खोल जाईल एवढं. ते बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओलं राहू द्यायचं. आधी दुसरं जंतुनाशक ओतलेलं असेल तर एन्झाइम नीट काम करत नाहीत, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. अंधारात अतिनील टॉर्च मारली की राहिलेले डाग चमकतात. आमच्या गादीवर टॉर्च मारल्यावर भुंग्याचे तर दिसलेच, एक जुना डाग सायच्या खात्यावरही निघाला. मांजराचं प्रकरण जास्त चिवट. तिच्या मूत्रातलं फेलिनाइन नावाचं गंधकयुक्त द्रव्य सावकाश तुटतं, म्हणून वास पहिल्या दिवसापेक्षा नंतर जास्त येतो.

एवढं करूनही गादी वाचली नाही, फाटलेल्या बाजूने आतपर्यंत गेलं होतं. नवऱ्याने तिचा चांगला अर्धा भाग कापून दोन बिछाने केले. भुंग्याचा त्याच्या आवडत्या कोपऱ्यात आहे, सायचा तिने नाकारला, म्हणून तोही भुंग्याचाच. नवीन गादीला जलरोधक खोळ घातली आहे, जी खरखरते आणि जिच्याबद्दल नवरा रोज तक्रार करतो.

भुंग्या बरेच दिवस बेडरूमच्या उंबऱ्याशी थांबून आत बघायचा. दार सताड उघडं ठेवून, अडसर म्हणून एक खुर्ची लावून, आत खाऊ टाकत राहिलो. आता तो जातो, पण दाराकडे तोंड करून झोपतो. मावशींचं अजूनही मत आहे की कुत्र्याला साखळीच बरी. त्यावर आमचा वाद आठवड्यातून एकदा तरी होतो, फाटकाच्या अलीकडे त्या आणि पलीकडे मी, चहा ओतत.

दाराची चौकट तेवढी तशीच आहे. सुताराला बोलवायचंय, पण तो करवत आणि रंधा घेऊन येणार, दार बिजागरीतून काढून ठेवणार आणि दिवसभर घर उघडं राहणार. त्या दिवशी भुंग्या कुठे आणि साय कुठे हे आधी ठरायला हवं. नणंदेकडे विचारलं आहे. ती भुंग्याला घेते म्हणाली, पण त्याच्याबद्दलच्या सूचना लिहून पाठव म्हणाली.