प्रवेशाच्या मेसेजमध्ये जागा किती आणि नंबर कोणाचा

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारमधली कॉलेजं एफवायच्या मुलांना मेसेज (एसएमएस) सोडायला लागतात. पोरगा यादीत असतो, पण कागदपत्रं तपासायच्या दिवशी तो कापसाच्या वावरात असतो, कारण मेसेज भलत्याच्याच खिशात वाजलेला असतो. अशी हातची जागा गेली की फार वाईट वाटतं, म्हणून कॉलेजच्या ऑफिसातल्यांसाठी हे सविस्तर लिहितो.

आधी नंबर बघा. फॉर्म गावच्या सायबर कॅफेत भरला असेल तर बऱ्याचदा तिथल्या माणसाचाच मोबाईल नंबर टाकलेला असतो. एक्सेलमध्ये नंबराचा कॉलम क्रमाने लावा. एकच नंबर पंधरा अर्जांवर दिसला तर तो कॅफेचा. त्या पंधरा जणांना प्रवेशाआधीच शोधायचं. फॉर्म कॉलेजच्या खिडकीवर घेत असाल तर चार आकड्यांचा ओटीपी त्याच वेळी पाठवा आणि समोर वाचून घ्या. नंबर चुकला असेल, रिचार्ज संपला असेल, तर तिथेच कळतं.

आता मजकूर. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांनो’ डोळ्याला चार अक्षरं दिसतात, हिशेबात १५ जागा खातात. ‘प्रिय विद्यार्थ्यांनो,’ एवढ्यातच २२ गेल्या. ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ पूर्ण लिहिलं तर ५०. दोन भागांचा मेसेज केला तर भागाला ६७ प्रमाणे १३४ जागा मिळतात आणि पैसे दोन मेसेजचे लागतात. माझ्या मते मराठीत दोन भाग धरूनच चाला. नमुना:

अर्ज ४५१: मूळ टीसी, मार्कशीट घेऊन १८ जून, स. ११ वा. रूम ५ मध्ये या. न आल्यास प्रवेश रद्द.

याच्या ८९ जागा झाल्या. उरलेल्या ४५ मध्ये कॉलेजचं छोटं नाव आणि फोन नंबर बसतो. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा, म्हणजे त्यावर बोट ठेवून फोन लावता येतो. इंग्रजी मेसेजातही वर्डमधून चिकटवलेलं वळणदार अवतरणचिन्ह किंवा रुपयाचं चिन्ह आलं की मर्यादा १६० वरून थेट ७० वर येते आणि बिल का वाढलं ते कळत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीच्या पोर्टलवर. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी, सहा अक्षरांचा हेडर (पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसतो तो) आणि प्रत्येक मजकुराचं टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला नमुना, आधी मंजूर करून घ्यावं लागतं. हे एप्रिलमध्येच उरका, निकालाच्या दिवशी सुरू केलं तर वेळेत होत नाही. मंजूर मजकुरात नसलेलं एक पूर्णविराम जादा पडलं तरी मेसेज अडतो. टेम्प्लेटमध्ये दर मुलागणिक बदलणाऱ्या मजकुरासाठी जी जागा सोडतात, तिलाही अक्षरांची मर्यादा असते. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव देवनागरीत सहज त्यापुढे जातं, म्हणून नावाऐवजी अर्ज क्रमांक घाला. लिंकही १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवलेली लागते. हेडरवरून गेलेल्या मेसेजला उत्तर देता येत नाही, तेव्हा ‘होय लिहून पाठवा’ असं कधीच लिहू नका. पोरं उत्तर पाठवतात, ते जात नाही, आणि त्यांना वाटतं काम झालं.

अर्ज केलेल्याला तारीख कळवणं ही सेवा झाली. बारावीच्या मुलांच्या यादीवर ‘आमच्याकडे प्रवेश घ्या’ पाठवणं ही जाहिरात. ती सकाळी १० ते रात्री ९ मध्येच पाठवता येते आणि डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावलेल्यांना पोचत नाही. क्लासवाल्याकडून यादी विकत घेऊन मेसेज करू नयेत. त्यातली कितीतरी मुलं १८ च्या आतली असतात.

वेळेचा विचार करताना घरातला फोन कोणाकडे असतो ते आठवा. रावेर-यावलकडे वडील दिवसभर केळीच्या बागेत, फोन त्यांच्या खिशात. तारखेचा मेसेज संध्याकाळी सातला पाठवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, आणि मेसेज व बोलावलेली तारीख यांच्या मध्ये दोन दिवस तरी मोकळे ठेवा. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, तिथे चार दिवस धरा. कॉलेजात यायला सकाळी नऊची वेळ देऊ नका, एसटी पोचत नाही. दोन हजार मेसेज एकदम सोडले की कॉलेजचा फोन घणघणतो आणि कोणालाच लागत नाही. दोनशे-दोनशेच्या तुकड्या करा. फोनवर अहिराणी समजणारं माणूस बसवा, नंदुरबारकडे पावरी किंवा भिलोरी समजणारं मिळालं तर फारच चांगलं.

रात्री डिलिव्हरी रिपोर्ट काढा. ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे फोनपर्यंत पोचला एवढंच. ‘फेल’ची यादी वेगळी काढून सकाळी एकेकाला फोन लावा. जे लागत नाहीत, त्यांची नावं त्यांच्या ज्युनिअर कॉलेजच्या किंवा आश्रमशाळेच्या सरांना कळवा. पोरगा कोणत्या पाड्यावर राहतो, त्याच्या शेजारी कोण, हे त्यांना ठाऊक असतं.