१०×५० च बरी
आज संभाजीनगरला गेलतो आकाश बघायसाठी बायनॉक्युलर घ्यायला. दुकानदार आल्याआल्याच २०×८० (२० पट मोठं दाखवणारी, पुढची काच ८० मिमीची) हातात द्यायलाय, म्हणे सर यात लई मोठं दिसतं. दिसतं हो मोठं, पण दोन किलोच्या वर वजन, हातात धरली की समोरच्या बिल्डिंगवरली टाकीच नाचायला लागली, तारे काय जागेवर राहतेत? स्टँडशिवाय तिचा उपयोग नाही. झूमवालीला तर हातच लावला नाही.

१०×५० घेतली. १० पट मोठं दिसणार, पुढची काच ५० मिमीची, भागाकार केला की डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५ मिमीचा. ७×५० ला तो ७ च्या वर जातो पण तेवढी डोळ्याची बाहुली अंधारात पोरासोरांचीच उघडते, आपली चाळिशी उलटली, बराच उजेड बाहेरच सांडायचा.

रात्री शेतात. ज्वारीला पाणी द्यायची लाईट रात्रीचीच असते त्यामुळं अंधारात जायला वेगळं कारण लागत नाही 😄 बाजेवर उताणं पडून कोपरं छातीला टेकवले की दुर्बीण बऱ्यापैकी स्थिर राहते. कृत्तिका नुसत्या डोळ्यानं सहा-सात दिसतेत, यात मोजता मोजता सोडून दिलं. मग देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं गाव, ढगाच्या पुंजक्यासारखी पुसट, पण तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला! बाबांना दाखवली तर म्हणले, मोटार बंद पडली का बघ आधी.