उरणचा पांढरा हत्ती?

आज कामानिमित्त उरणला गेलो होतो. बोकडवीऱ्याजवळ महानिर्मितीच्या वायू विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसल्या. क्षमता 672 मेगावॉट, पण गॅसअभावी पूर्ण ताकदीने क्वचितच चालतं. सोबतचा मित्र म्हणाला, "पांढरा हत्ती रे!"

मला नाही पटत. सूर्य कलला की सोलर बसतं आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, एसी, मिक्सर सुरू. थंड पडलेला कोळशाचा संच उठवायला कित्येक तास लागतात, गॅस टर्बाइन मात्र काही मिनिटांत पळायला लागतं. मागणी आणि पुरवठ्याचा मेळ बसला तरच ग्रिडची (वीजजाळ्याची) फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या आसपास राहते, आणि त्यासाठी असंच कुणीतरी लागतं. (कोयनेचं जलविद्युत केंद्रही धावून येतं, पण त्याच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने मर्यादा घातलीय.)

महागडा गॅस दिवसभर जाळा असं कोण म्हणतंय? संध्याकाळपुरता तरी द्या की!