'जरा'चं इंग्रजी

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी गाडी बंद करून उभं राहावं लागतं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी कंपन्यांच्या बसगाड्या. गेली दोन वर्षं मी तिथं इंग्रजीचा रियाज करतो. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, म्हणजे लाजायचं कारण नाही. 'गुड आफ्टरनून एव्हरीवन, कॅन यू हिअर मी?' असं मी खणखणीत म्हणतो. हेल्मेटात आवाज छान घुमतो आणि आपलंच इंग्रजी भारदस्त वाटायला लागतं. एकदा शेजारच्या बाइकवाल्या पोरानं विचारलं, "काय म्हणालात का, काका?" मी म्हटलं, "नाही, तू हो पुढं." पुढं व्हायला जागा कुणालाच नव्हती.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. शाळा बार्शीकडची, मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी राज्यात 2000 साली आलं, तोवर आमची एसटी स्टँडातून निघून गेली होती. इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, असं चिपळूणकरांच्या नावावर सांगतात. आमच्या वाट्याला आलेली वाघीण बहुतेक आटलेली होती. सरांनी वर्षभर एकच उद्योग करून घेतला: राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो. वीस वर्षं नोकरी झाली, पण कोणाकडून काही खाल्लं गेल्याचं मेलमध्ये लिहायची वेळ अजून आली नाही.

तसं पाहिलं तर कारखान्यात दिवसभर इंग्रजीच चालतं. ड्रॉइंग, टॉलरन्स, रिजेक्शन, रिवर्क, डिस्पॅच. अगदी हेल्परसुद्धा "बर आलाय, डीबरिंगला टाका" म्हणतो, म्हणजे कडेला खरखर राहिलीय, घासून काढा. नामांची अडचण कधीच नव्हती. अडचण त्यांच्या मधल्या जागेत होती, आणि ती कळायला एक मेल जावी लागली.

जर्मनीतलं गिऱ्हाईक. त्यांच्याकडून एका ब्रॅकेटचं नवं ड्रॉइंग यायचं होतं. मी लिहिलं, 'सेंड द ड्रॉइंग टुडे. वुई आर वेटिंग.' व्याकरणात खोट काढून दाखवा. तासाभरात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "अहो, भांडण झालंय का तुमचं त्यांच्याशी?"

मला तर म्हणायचं होतं, 'आज जरा ड्रॉइंग पाठवा, आम्ही वाट बघतोय.' यात भांडणाचं काय आहे? मग लक्षात आलं की सगळं भाषांतर झालं होतं, फक्त 'जरा' मागं राहिला होता.

हा 'जरा' मोठा गुणी शब्द. अर्थ पाहायला गेलं तर थोडं, किंचित. पण 'जरा इकडे या' म्हणताना कोणी किंचित यावं अशी अपेक्षा नसते. अख्ख्या माणसानं यायचं असतं. घरात आपण एकमेकांना प्लीज म्हणत नाही, म्हटलं तर समोरच्याला आपलं काही बिनसलंय असं वाटतं. ते काम 'जरा' करतो. शिवाय 'पाठव', 'पाठवा', 'पाठवाल का', 'पाठवावे ही विनंती' अशा पायऱ्या क्रियापदाच्या शेपटीलाच बांधलेल्या आहेत. इंग्रजीतल्या 'सेंड'ला शेपूट नाही. त्याची सगळी अदब आधीच, वाक्याच्या दारात, चपला काढून ठेवल्यासारखी मांडावी लागते.

हे मला मुलीनं शिकवलं. ती इंजिनिअरिंगला आहे, इंग्रजी माध्यमातली, आणि बापाला शिकवताना तिचा चेहरा हुबेहूब आमच्या सरांसारखा होतो. रात्री जेवण झाल्यावर ती जर्मन गिऱ्हाईक व्हायची आणि मी मी.

"बाबा, नुसतं प्लीज लावून होत नाही. म्हणा, आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड द ड्रॉइंग."

"वॉज कशाला? मला ड्रॉइंग आत्ता हवंय."

"तसंच म्हणतात."

"आणि कुड? पाठवू शकत होता का, असं विचारायचंय का मी त्याला?"

"बाबा, तुम्ही वाद घालू नका ना."

माझ्या पिढीच्या माणसाला कारण कळल्याशिवाय पाठ होत नाही असं नाही, उलट सगळं कारणाशिवायच पाठ झालंय. पण हे काही केल्या बसेना. मग एका रविवारी खालच्या मजल्यावरचे काका दारात आले आणि म्हणाले, "काही नाही, जरा काम होतं." मी आत बोलावलं, चहा झाला, काम सांगून झालं. काम अजून होतंच, संपलं नव्हतं, तरी ते 'होतं' म्हणाले होते. त्यांच्यामागं दार लावताना माझी ट्यूब पेटली. 'एक विचारायचं होतं', 'थोडे पैसे हवे होते', 'साहेबांना भेटायचं होतं'. आपणही मागणं भूतकाळातच ढकलतो की! गरज जणू होऊन गेली, आता तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, अशी पळवाट समोरच्याला ठेवायची. 'आय वॉन्टेड टू आस्क' म्हणजे अक्षरशः 'विचारायचं होतं'. सरांनी राम आणि आंब्याऐवजी हे काका सांगितले असते तर माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी इंग्रजी वाक्य पाठ करत नाही. आधी मराठीत 'जरा' कुठं लागतोय ते बघतो आणि त्याचं काहीतरी शोधतो. नकाराचंही तसंच. 'नॉट पॉसिबल' असं मी सर्रास लिहायचो. मराठीत मी कधी कोणाला 'शक्य नाही' असं तोंडावर म्हटलंय? आपण म्हणतो, 'अवघडच दिसतंय.' 'दॅट माइट बी डिफिकल्ट' हे त्याचंच धाकटं भावंड.

मेलच्या मायन्याचा मात्र मला कधी त्रास झाला नाही. आजोबांची पत्रं वाचलेला माणूस मी. 'सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवणे, पत्र लिहिण्यास कारण की'. त्यापुढे 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' फारच लुकडं वाटतं. मुलीचा राग 'काइंडली डू द नीडफुल'वर आहे. ते खोडा म्हणते. इंग्रज साहेब लोक स्वतःच एके काळी असं लिहीत, मग त्यांनी टाकून दिलं आणि आपण जपून ठेवलं, मुंबईतल्या त्यांच्या इमारतींसारखं. मी ते देशातल्या पत्रांत अजून लिहितो. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' याला दुसरं इतकं गुळगुळीत इंग्रजी नाही. काय करायचं ते न सांगता सगळं सांगून होतं.

आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी हा रियाज, त्या जर्मनांचं इंग्रजीही आमच्यासारखंच पाचवीचं. त्यांच्याकडून मेल आली, 'प्लीज सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे.' मुलगी म्हणाली, चूक. बाय फ्रायडे पाहिजे, अंटिल म्हटलं तर शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहायचं. मला तर चूक दिसेचना. शुक्रवारपर्यंत पाठवा, झालं! त्यांच्या भाषेतही 'पर्यंत'ला एकच शब्द आहे म्हणे. दुसऱ्या एकानं विचारलं, 'व्हेन डू आय बिकम द सॅम्पल्स?' मी स्वतः सॅम्पल कधी होणार, असा त्या बिचाऱ्याचा प्रश्न. जर्मनमध्ये 'बेकोमेन' म्हणजे मिळणं, एवढंच.

'अॅक्च्युअल'नं मात्र आम्हाला पाडलं. त्यांनी 'अॅक्च्युअल ड्रॉइंग'प्रमाणे तपासायला सांगितलं. क्वालिटीत 'अॅक्च्युअल' म्हणजे मोजून आलेलं माप, म्हणून मी मापांचा तक्ता पाठवला. त्यांना म्हणायचं होतं सध्याचं, चालू रिव्हिजनचं ड्रॉइंग. त्यांच्या 'आक्टुएल'चा अर्थ तो. तीन दिवस दोन्हीकडून नम्र मेली चालू होत्या. दोघांच्याही व्याकरणात चूक नव्हती, आणि माझ्या मेलीत तर 'जरा' ठासून भरलेला होता.

यात आपणच कच्चे असं मानायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी 'टेबल' या एका क्रियापदावरून बराच वेळ भांडले होते, असं चर्चिलनी लिहून ठेवलंय. ब्रिटिशांच्या लेखी विषय टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणं. दोघांची आईची भाषा तीच.

तीन दिवस मेली लिहिणारा तो जर्मन इंजिनिअर मागच्या हिवाळ्यात कारखाना बघायला आला. उंच, अबोल, पायात स्वतःचे सेफ्टी शूज घालूनच विमानातून उतरलेला. दुपारी कॅन्टीनकडे जाताना त्यानं मला विचारलं, इथं उपयोगी पडेल असा एखादा मराठी शब्द सांगा. मी क्षणभरही विचार न करता 'जरा' सांगितला. कोणत्याही मागणीच्या आधी लावा, काम होतं, म्हटलं. चालता चालता त्यानं तो घोकला. 'त्सारा, त्सारा.' हेल्मेटातला मी मला आठवलो.

काउंटरवर मामा होते. तो पुढं झाला, थोडा वाकला आणि म्हणाला, "मामा, त्सारा चहा."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अर्धा कप चहा ओतला आणि पुढं सरकवला.

"अहो मामा, अर्धाच?" मी म्हटलं.

"जराच म्हणाले ना साहेब?"